ओबामांची मतं चोरीला गेलीच नव्हती

अमेरिकेत प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानाचा, मोसम आला आणि कुणाचा लाडका उमेदवार अनपेक्षितपणे पडला, की एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. परवा तो आमच्या इथल्या मराठी मंडळींतही आला. त्याचा सारांश असा: '८ जानेवारी २००८ ला न्यू हॅम्पशायर राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत ओबामाच जिंकत होते, सगळ्या जनमत चाचण्या तेच सांगत होत्या. हिलरी क्लिंटन यांना मशीनने जिंकवलं. जिथे हाताने मोजणी झाली तिथे ओबामा पुढे, जिथे मशीनने झाली तिथे हिलरी. उरलेलं काम गोऱ्या मतदारांच्या खोटेपणाने आणि कॅफेतल्या अश्रूंनी केलं. तिथेच सगळं संपलं होतं.'

त्या रात्री मीही ओबामांच्याच बाजूचा होतो. ३ जानेवारीला आयोवा राज्यात ते ३८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन पहिले आले होते, हिलरी तिसऱ्या होत्या. पुढच्या पाच दिवसांत आम्ही त्यांना मनातल्या मनात व्हाइट हाउसमध्ये बसवूनही टाकलं होतं. निकाल लागला तेव्हा 'काहीतरी गडबड आहे' असं मीसुद्धा म्हणालो होतो. म्हणून हा मेसेज खोडून काढणं मला माझं काम वाटतं.

आधी चाचण्या. शेवटच्या चाचण्यांची सरासरी काढली तर ओबामा साधारण ३८ आणि क्लिंटन साधारण ३० टक्क्यांवर होत्या. प्रत्यक्षात ओबामांना साडेछत्तीस टक्के मिळाले आणि क्लिंटन यांना ३९. हे आकडे जरा थांबून वाचा. ओबामांचा आकडा चाचण्यांनी जवळपास बरोबर सांगितला होता. तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांचाही फार चुकला नव्हता. चुकला तो एकट्या हिलरींचा. ओबामांची मतं उचलून दुसरीकडे टाकली असती, तर खड्डा ओबामांच्या खात्यात दिसला असता. तिथे खड्डा नाही. हिलरींकडे वळलेले मतदार चाचण्यांना दिसलेच नव्हते. अमेरिकेतल्या जनमत-संशोधकांच्या संघटनेने यावर समिती नेमली आणि २००९ मध्ये अहवाल दिला. त्यातली कारणं फार साधी आहेत: काही चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबल्या, सहजासहजी फोनवर न सापडणाऱ्यांत हिलरींचे मतदार जास्त होते, आणि कामगार संघटनांचे सभासद व कमी शिकलेले लोक नमुन्यात कमी पडले. मतपत्रिकेवर हिलरींचं नाव वरच्या बाजूला आणि ओबामांचं पार खाली होतं, त्याचाही थोडा हात असावा असं समितीने नोंदवलं.

आता मशीन. इथे आपल्या लोकांचा मोठा घोळ होतो, कारण 'मशीन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ईव्हीएम येतं, बटण आणि बीप. न्यू हॅम्पशायरचं मशीन तसं नव्हतं. मतदाराच्या हातात जाड कागदाची मतपत्रिका असते. नावापुढचा लंबगोल पेनाने काळा करायचा आणि कागद स्वतः मशीनच्या फटीत सरकवायचा. मशीन खुणा वाचून आकडा वाढवतं आणि कागद खालच्या पेटीत पडतो. तो कागद नंतरही शिल्लक राहतो, हाताने कितीही वेळा मोजता येतो.

आणि तो मोजला गेला. डेनिस कुसिनिच या उमेदवाराने पैसे भरून फेरमोजणी मागितली. त्यांना स्वतःला २ टक्केही मतं नव्हती, त्यामुळे त्यांचा वैयक्तिक फायदा काहीच नव्हता. राज्याची राजधानी काँकॉर्डमध्ये खोकी उघडून मतपत्रिकांचे उमेदवारनिहाय गठ्ठे लावले, लोकांदेखत मोजले. सगळं राज्य मोजलं गेलं नाही, हे खरं. पण हिल्सबरो ही सर्वांत मोठी काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, मोजली गेली. मँचेस्टर आणि नॅशुआ ही मोठी शहरं त्यातच येतात, म्हणजे संशय नेमका जिथे होता तिथलीच मतं. काही ठिकाणी माणसांच्या बेरजेच्या चुका सापडल्या, पण त्या एकाच उमेदवाराच्या बाजूच्या नव्हत्या. राज्यभरात दोघांत साधारण साडेसात हजार मतांचं अंतर होतं, त्याला धक्का लागेल असं काहीही निघालं नाही.

मग हातमोजणीच्या गावांत ओबामा पुढे कसे? कारण हाताने मोजणारी गावं म्हणजे छोटी, ग्रामीण गावं आणि मशीन असलेली म्हणजे मुख्यतः शहरं. तिथला मतदारच वेगळा. २००४ च्या प्रायमरीतही अगदी हाच नमुना होता. तेव्हाच्या उमेदवारांपैकी हातमोजणीच्या गावांत हॉवर्ड डीन यांची कामगिरी चांगली, मशीनच्या ठिकाणी जॉन केरी जोरात. तेव्हा कुणी चोरीची ओरड केली नव्हती. पुढे संशोधकांनी सारख्या वस्तीचे, सारख्या मतदानाचे वॉर्ड जोड्या लावून तपासले. मोजणीच्या पद्धतीने फरक पडल्याचं दिसलं नाही.

मला सर्वांत जास्त लागतं ते हे. त्या दिवशी थंडीत पहाटेपासून बूथवर बसलेली माणसं त्याच गावातली होती, कुणाची शेजारीण, कुणाचे निवृत्त मास्तर. पुरावा नसताना आपण त्या सगळ्यांना चोर म्हणतो.

गोऱ्या लोकांनी चाचणीत ओबामा सांगितलं आणि आत जाऊन हिलरींना मत दिलं, हा आरोप वरच्या आकड्यांनीच पडतो. तसं झालं असतं तर ओबामांचा आकडा कोसळला असता. वंशद्वेष अमेरिकेत नाही असं मी म्हणत नाही. पण या निकालाचं ते मोठं कारण होतं, असा ठोस पुरावा समितीलाही मिळाला नाही.

अश्रूंचं म्हणाल तर ७ जानेवारीला पोर्ट्समथच्या एका कॅफेत एका बाईने विचारलं, 'हे सगळं तुम्हाला जमतं कसं?' उत्तर देताना हिलरींचा आवाज दाटून आला. प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईने दुसऱ्या दिवशी ओबामांना मत दिलं, तिने स्वतःच तसं सांगितलं. मतदानोत्तर चाचणीत बायकांमध्ये हिलरी स्पष्ट पुढे होत्या, हे खरं. पण आयत्या दिवशी ठरवणाऱ्यांत त्यांची आघाडी फार नव्हती. ती मोठी होती महिनाभर आधीच ठरवून बसलेल्यांत. ते मत रडण्यावरून फिरलं असं म्हणणं म्हणजे त्या बायकांना स्वतःची अक्कल नव्हती असं म्हणणं, आणि ते मला मान्य नाही.

'सगळं संपलं' हे तर त्या रात्रीच खोटं होतं. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडतात ते प्रतिनिधी, आणि न्यू हॅम्पशायरमधून दोघांना ते प्रत्येकी ९ मिळाले. २६ जानेवारीला साउथ कॅरोलिनात ओबामांनी हिलरींच्या दुप्पट मतं घेतली, तिथे चाचण्यांनी त्यांनाच कमी लेखलं होतं. जूनच्या सुरुवातीला उमेदवारी त्यांचीच झाली. २७ जूनला दोघं प्रचारासाठी पहिल्यांदा एका व्यासपीठावर आले, तेही न्यू हॅम्पशायरमध्येच, युनिटी नावाच्या गावात. ते गाव निवडलं नावासाठी आणि एका आकड्यासाठी. ८ जानेवारीला तिथे ओबामांना १०७ मतं पडली होती आणि हिलरींनाही १०७.