अठ्ठ्याहत्तर हजार ‘पर्यंत’

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. एक स्टार, आणि त्याखाली: ७८ हजार अनुदान सांगून दोन किलोवॅटचं सोलर गळ्यात मारलं, पाच महिन्यांत खात्यात एक रुपया नाही, बिल अजून येतंय, लाइट गेली की सोलरही बंद, आणि अनुदान बहुतेक यांनीच खाल्लं. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण जे उतरलं ते रागाचं होतं, पुसून टाकलं. काल तुमची फाइल काढली, तुमच्याकडे आलेल्या आमच्याकडच्या कामाच्या मुलाला समोर बसवलं आणि आता लिहितोय.

आधी आमच्या चुका. दोन आहेत.

पहिली जाहिरातीची. तुम्हाला व्हॉट्सॲपवर गेलेली जाहिरात मी पुन्हा उघडून पाहिली. पिवळ्या पट्टीवर ‘७८,०००’ एवढं ठळक की मोबाइल हातभर लांब धरला तरी वाचता येईल, आणि शेजारी ‘पर्यंत’ हा शब्द मुंगीएवढा. पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या घरगुती सोलरच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात. त्यापुढे घरावर कितीही पॅनल चढवा, आकडा ७८ हजारांवर थांबतो. तुमचे दोन किलोवॅट, म्हणून तुमचे ६० हजार. कोटेशनवर ६० हजारच लिहिलेत आणि खाली तुमची सही आहे, पण ते दाखवून मी हात झटकणार नाही. माणूस आधी जाहिरात वाचतो, मग कोटेशन, आणि सही करताना बहुतेक वेळा फक्त शेवटची बेरीज. जाहिरात काल काढून टाकली. नव्या जाहिरातीत एक, दोन आणि तीन किलोवॅटचे तिन्ही आकडे एकाच मापात असतील.

दुसरी चूक जास्त मोठी, आणि पैसे अडकलेत ते तिच्यामुळे. वडील गेल्याचं तुम्ही स्वतःच अभिप्रायात लिहिलंय, म्हणून इथे बोलतो. वीजजोडणी अजून त्यांच्याच नावावर आहे. योजनेच्या पोर्टलवर, म्हणजे अर्जाच्या सरकारी वेबसाइटवर, ग्राहक क्रमांक टाकला की अर्जदाराचं नाव वितरण कंपनीच्या नोंदीतून उचललं जातं, तिथे आपण दुसरं नाव लिहू म्हटलं तरी चालत नाही. आणि अनुदानासाठी तुम्ही दिलेला रद्द केलेला चेक तुमच्या खात्याचा. अर्जावर एक नाव, बँकेत दुसरं, तिथे गाडी अडली. आमच्या मुलाने लाइटबिल हातात घेतल्या घेतल्या हे पाहिलं होतं. काल विचारलं तर म्हणाला, “म्हटलं, होऊन जाईल.” या एका वाक्याने या धंद्यात जेवढं नुकसान केलंय तेवढं कधी पावसाने केलं नाही. आधी जोडणी नावावर करून घ्या, मग अर्ज, असं त्याने त्याच दिवशी सांगायला हवं होतं. महिनाभर उशिरा पॅनल लागले असते, पण हे पाच महिने वाचले असते.

आता ‘खाल्लं’ या शब्दाविषयी. तो मला मान्य नाही.

तुमच्या शेजाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी सोलर बसवलं तेव्हा अनुदान वजा करून उरलेलेच पैसे दिले, आम्ही मात्र तुमच्याकडून पूर्ण रक्कम घेतली, यावरून तुम्हाला शंका आली. शेजारी खरंच सांगतायत. सरकारच्या आधीच्या सोलर योजनेच्या २०१९ च्या टप्प्यात पद्धत तशीच होती. ग्राहकाने उरलेली रक्कम भरायची आणि अनुदान बसवणाऱ्याने वितरण कंपनीकडून घ्यायचं. जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं आणि पैसे थेट ग्राहकाच्या खात्यात जमा व्हायला लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेतही तेच आहे. पैसे आमच्या हातातून जातच नाहीत, मग खायचे कुठून? खरं सांगायचं तर आमच्यासारख्यांची आधीच्या पद्धतीत जास्त हालत व्हायची, कारण आमचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडायचे. आता तो भार ग्राहकावर आलाय. ही पद्धत चांगली की वाईट यावर माझं मत पक्कं नाही. चोरी कमी झाली असेल, पण ज्याच्याकडे पूर्ण रक्कम उभी करायची सोय नाही तो कर्ज काढतो, जसं तुम्ही काढलंत.

बिलाचं म्हणाल तर तुम्ही फोटो टाकलाय त्यातच उत्तर आहे. आयात, म्हणजे तारेवरून घेतलेली वीज, २१४ युनिट; निर्यात, म्हणजे तारेवर दिलेली, १३१. म्हणजे तुम्हाला आकार लागलाय तो ८३ युनिटचा. दोन किलोवॅटमधून महिन्याला साधारण २०० ते २४० युनिट येतात. त्यातले काही दिवसा घरातच वापरले जातात, उरलेले तारेवर जातात. रात्री मात्र तुम्ही तारेवरूनच घेता. तुमचा जुना वापर तीनशेच्या वर होता, तेव्हा दोन किलोवॅटमध्ये बिल शून्यावर येणार नव्हतंच. आणि आलं असतं तरी स्थिर आकार लागलाच असता. योजनेच्या नावातल्या ‘मोफत वीज’ या शब्दांमुळे लोकांना वाटतं बिलाचा कागदच यायचा बंद होईल. तसं होत नाही.

लाइट गेली की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा, बंद होतो, तो बिघाड नाही. तुमच्याकडे बॅटरी नाही, यंत्रणा थेट तारेला जोडलेली आहे. बाहेर लाइट नसताना ती चालू राहिली तर तुमच्या गच्चीवरची वीज उलट रस्त्यावरच्या तारेत जाईल. खांबावर चढलेला लाइनमन ती तार मेलेली समजून हात लावेल. म्हणून इन्व्हर्टर क्षणात स्वतःहून थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. हे मी स्वतः तुमच्या जिन्यात उभं राहून सांगितलं होतं, पण तेव्हा खालून चहाला हाक आली आणि विषय राहून गेला, हेही आठवतंय.

दुसरीकडे पॅनल स्वस्त मिळत होते असंही तुम्ही म्हणता, ते बरोबर. ते बहुतेक परदेशी सेलचे (सेल म्हणजे पॅनलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्या). सेलही भारतात बनलेले असतील तरच या योजनेत अनुदान मिळतं, आणि ते महाग पडतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, मी सांगतो. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी चारनंतर कोपऱ्यातल्या पॅनलवर येते. थोडीशीच असली तरी त्या ओळीतल्या बाकीच्या पॅनलांनाही ती मागे खेचते. पॅनलचा सांगाडा फूटभर उचलून देतो, खर्च आमचा. पाच वर्षांची देखभाल मात्र मेहेरबानी म्हणून सांगत नाही, ती योजनेचीच अट आहे.

६० हजारांच्या वरचे १८ हजार मी देऊ शकत नाही, ते तिसऱ्या किलोवॅटचे आहेत आणि तो तुमच्या गच्चीवर नाही. पण अनुदान आल्यावर कर्जातले ६० हजार फेडायचे असं तुमचं ठरलं होतं. ते खात्यात येईपर्यंत तेवढ्या रकमेवर जे व्याज जाईल, मागच्या पाच महिन्यांचं धरून, ते आमच्याकडे. बँकेचा उतारा पाठवा.

गुरुवारी सकाळी अकराला मी स्वतः येतो, मुलगा नाही. जोडणी नावावर करायच्या अर्जासाठी मृत्यू दाखला, घराचा कर भरल्याची पावती आणि आई व बहिणीचं ना हरकत पत्र काढून ठेवा. पत्राचा मसुदा मी आणतो, सह्या तेवढ्या लागतील. मूळ कागद कोणाच्याच हातात देऊ नका, माझ्याही नाही. झेरॉक्स पुरेल.