धण्याच्या पाण्याचा तो मेसेज

आज सकाळी घरच्या ग्रुपवर परत तो मेसेज आला. 'रोज उपाशीपोटी धण्याचं पाणी प्या, थायरॉइडची गोळी कायमची बंद.' खाली नऊ जणांचे जोडलेले हात. माझं डोकंच फिरलं.

याच पाण्यापायी माझी आई ओट्यापाशी कोसळली होती. दूध फरशीभर, पातेलं लांब गडगडत गेलेलं, आणि ती पांढरीफटक. शेजारच्यांनी कांदा हुंगवला. कोणी म्हणालं, एकादशी बाधली. मी मनगट धरलं. एक ठोका लागला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. दवाखान्यात नाडी 38 भरली. ईसीजी बघून पेसमेकरची भाषा सुरू झाली.

तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आईचा सुजरा चेहरा पाहिला, घोगरा आवाज ऐकला आणि विचारलं, "आजी, मे महिन्यात स्वेटर?" रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा, 100च्या वर निघाला. असायला हवा साधारण 4च्या आत. आईने आम्हाला न सांगता कधीच गोळी सोडली होती.

थायरॉइड म्हणजे वजन वाढतं, केस गळतात, एवढंच आपण धरून चाललोय. अहो, हृदयसुद्धा त्याच्याच जोरावर पळतं! थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की ठोके मंदावतात, वरच्या कप्प्यातून खाली जाणारा विजेचा इशारा अडखळतो, क्वचित ताल इतका बिघडतो की जीव जातो. मेंदूला रक्त पुरेना की माणूस आडवा. आणि आपण कांदा शोधतो.

हो, टीएसएच जरासा वाढला तर डॉक्टर कधीकधी गोळी देतही नाहीत. आणि धण्याचं पाणी प्या ना, कोण नको म्हणतंय! गोळीच्या जागी नको.

आईला पेसमेकर लागला नाही. वय बघून अगदी कमी डोसपासून गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी नाडी 64. आता ती उठल्या उठल्या गोळी घेते आणि चहासाठी घड्याळाकडे बघत अर्धा तास बसते. तिच्यावर राग नाही माझा. रोज गोळी गिळायचा कंटाळा येतो माणसाला. त्यात कोणी आपुलकीने सांगितलं की पटतं.

पण त्या हातांखाली काकूंनी लिहिलंय, "मी दिवाळीपासूनच बंद केली, छान वाटतंय." आणि काका परवाच म्हणाले, हिला दोनदा चक्कर आली.

काकू, तीनदा फोन केला, उचला. आपल्या मनाने गोळी परत सुरू करू नका, आधी ईसीजी आणि टीएसएच करू. अकराला मी गाडी घेऊन येते, तयार राहा.