बिल्ला कानात टिकला का, ते कोण बघणार?

मेलबर्न

गोरेगावहून मामाचा फोन होता. आरे कॉलनीत त्याच्या आठ म्हशी. त्यातल्या नव्या म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला खुंट्याला घासून तुटला. "अगं, कानही फाटला आणि नंबरही गेला. आता परत माणूस बोलवा, परत भोक पाडा," तो म्हणाला.

हे दुखणं एका म्हशीपुरतं नाही. त्या बारा अंकी नंबरावर जनावराचं लसीकरण, कृत्रिम रेतन, मालकी सगळं नोंदलेलं असतं. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, वीज पडून ते मेलं तर भरपाईही नाही. मुंबईच्या तबेल्यांत तर म्हशी गुजरात-हरियाणातून येतात, भाकड झाल्या की जातात. त्यांना बिल्ला हवाच. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण सक्ती करणाऱ्या सरकारनेच बिल्ला विकत घेतला असेल, तर तो टिकण्याची जबाबदारीही त्याचीच.

मी राहते त्या व्हिक्टोरिया राज्यात गाईगुरांना 2002 पासून इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा आहे, आणि 2017 पासून जन्मलेल्या मेंढ्या-शेळ्यांनाही. इथेही सरकारने निविदा काढून दर ठरवले. फरक पुढे आहे. शेतकऱ्यापुढे एकाहून जास्त कंपन्यांचे मान्यताप्राप्त बिल्ले असतात. पैसे तो देतो, निवड तो करतो. ज्याचे बिल्ले गळतात त्याच्याकडे तो पुढच्या वर्षी जात नाही.

हे उचलून आरेत आणा असं मी म्हणणार नाही. इथे एका शेतावर शेकडो जनावरं, आपल्याकडे बहुतेकांच्या दावणीला दोन-चार. त्यांच्यावर खर्च टाकणं अन्याय होईल, सरकारनेच बिल्ला फुकट द्यावा. पण मग वापरणारा एक आणि विकत घेणारा दुसरा होतो, आणि गळालेल्या बिल्ल्याची तक्रार खरेदीच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

त्या टेबलावर काय होतं? निविदेतला आधी तांत्रिक लिफाफा उघडतात, नमुना तपासतात. त्यात पास झालेले सगळे सारखे. मग आर्थिक लिफाफा, आणि सर्वात कमी दराला ठेका. अधिकाऱ्यांना नुसता दोष देणं मला पटत नाही. 2019 च्या पशुगणनेत राज्यात गाय-बैल सुमारे 1 कोटी 40 लाख आणि म्हशी 56 लाख होत्या. नगामागे रुपयाचा फरक म्हणजे जवळजवळ दोन कोटी. महागडा बिल्ला निवडला तर उद्या लेखापरीक्षणात उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

म्हणून कमी दराचा नियम राहू द्या, पैसे द्यायची पद्धत बदला. बिलाचा काही भाग वर्षभर रोखून ठेवा. बिल्ला कानात आहे आणि नंबर वाचता येतो, एवढं पाहून तो सोडा. यासाठी नवी यंत्रणाही फारशी लागत नाही. प्रत्येक बिल्ल्याला स्वतःचा नंबर आहे, कोणती मालिका कोणी पुरवली हे खरेदीच्या कागदावर असतं. तुटलेल्या बिल्ल्याच्या जागी नवा मारला की ती नोंदही संगणकात जाते. दोन्ही जुळवून पुरवठादारनिहाय गळतीचे आकडे जाहीर करावेत आणि पुढच्या निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यात तेच मोजावेत.

नमुन्याची चाचणीही प्रयोगशाळेबरोबर तबेल्यात व्हायला हवी. मुंबईचा पावसाळा, ओला गोठा, खुंट्याला कान घासणारी म्हैस, हे ताण मोजायच्या यंत्रात येत नाही. चार महिने शंभर जनावरांच्या कानात बिल्ले घालून बघा. जखमा किती चिघळल्या, किती बिल्ले पडले, हे पशुधन पर्यवेक्षकच नेमकं सांगतील, कारण भोक पाडतात ते आणि मालकाची बोलणी खातात तेही.

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते होईल तेव्हा होईल. तू आधी सांग, फाटलेल्या कानात बिल्ला बसेल का, की दुसरा कान टोचावा लागेल?"