शेवटी गर्दी शहाणी निघते म्हणे

फोंड्याचा माझा भाचा दर नोव्हेंबरात ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ हा चित्रपट बघतो आणि घरच्या ग्रुपवर त्याबद्दल लिहितो. यंदा त्याचं म्हणणं असं, की चित्रपटाने मूळ चित्रकादंबरी सुधारली, कारण शेवटी सामान्य माणूस रस्त्यावर उतरतो. खाली मला टोमणा: ‘मामा, तुम्ही तिथे बसून सगळ्यालाच नावं ठेवता.’

ठेवतोच. गोष्ट अशी, की हुकूमशाहीखालच्या इंग्लंडमध्ये व्ही नावाचा मुखवटेवाला सरकारविरुद्ध उठतो. ज्याने ती लिहिली तो ॲलन मूर मी राहतो त्याच इंग्लंडातल्या नॉर्थहॅम्प्टनचा. २००६ साली चित्रपट आला तेव्हा त्याने स्वतःचं नावच काढून घेतलं. श्रेयनामावलीत उरला फक्त चित्रकार डेव्हिड लॉइड. लॉइडला चित्रपट फारसा खटकला नाही, पण तो मुद्दा भाच्याने काढलेला नाही, मग मी कशाला काढू?

खरं तर गोव्यातल्या माणसाला हे पुस्तक चटकन कळायला हवं. आपण नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतो, इथे ५ नोव्हेंबरला गाय फॉक्सचा बाहुला जाळतात, कारण १६०५ मध्ये पार्लमेंट उडवायच्या कटात तो सापडला. आता वाड्यावरची पोरं रात्री जागवतात ती कोणासाठी? लाकडाचा सांगाडा, त्यात कोंबलेलं गवत, वर वर्तमानपत्रांचे थर, म्हापशाच्या बाजारातून आणलेला मुखवटा, डोळ्यांत लाल बल्ब. कृष्णाची आठवण आयत्या वेळी होते, कुणातरी पोराला निळा रंग फासून उभं करतात. ज्याला दरवर्षी जाळायचं त्याच्यावरच सगळा जीव. मूर आणि लॉइडने ही गोम पकडली आणि जाळायच्या बाहुल्यालाच नायक केलं. व्हीच्या तोंडावर गाय फॉक्सचा मुखवटा ही कल्पना लॉइडची.

आणि तो नायक बरा की वाईट, हे त्यांनी सांगितलंच नाही. व्ही माणसं मारतो, त्यानेच वाचवलेल्या इव्ही नावाच्या मुलीला कोंडतो, तिचे केस भादरतो, छळतो. पुस्तकातली इव्ही सोळा वर्षांची, कारखान्यात राबणारी, पोट भरेना म्हणून रात्री रस्त्यावर उभी राहिलेली. चित्रपटात तिला टीव्ही स्टेशनवर नोकरी दिली. पुस्तकातला हुकूमशहा एका संगणकाच्या प्रेमात पडलेला एकाकी माणूस आहे, त्याची कीव येते आणि कीव आल्याची लाज वाटते. चित्रपटातला पडदाभर तोंड करून नुसता ओरडतो. लॉइडने तर आवाजाचे शब्दच टाळले होते, अख्ख्या पुस्तकात एक ‘धडाम’ नाही. चित्रपटात ओल्ड बेली हे लंडनचं न्यायालय कोसळतं ते चायकोव्हस्कीच्या तालावर. नरकासुराच्या रात्रीच्या डीजेविरुद्ध पेपरात पत्रं लिहिणाऱ्या आमच्या भाच्याला हे मात्र चालतं.

इव्हीला कोठडीत मिळणारं व्हॅलरी या कैदी बाईचं पत्र चित्रपटवाल्यांनी जवळजवळ तसंच ठेवलं, एवढं कबूल.

पण मला डाचते ती शेवटची गर्दी. हजारो लोक मुखवटे घालून शिस्तीत चालत येतात, सैनिक गोळी झाडत नाहीत, पार्लमेंट उडतं, मुखवटे निघतात आणि आतून सगळे चांगलेच निघतात. पुस्तकात पार्लमेंट पहिल्याच प्रकरणात उडालेलं असतं. पुढे वचक सुटतो तेव्हा लोक दुकानं लुटतात, एकमेकांना बडवतात. शेवटच्या पानावर फिंच नावाचा पोलीस अधिकारी ओसाड मोटरवेवरून अंधारात एकटा चालत जातो. पुढे काय, ते कोणीच सांगत नाही.

२०१६ च्या जूनमध्ये, ब्रेक्झिटच्या सार्वमताचा निकाल लागला त्या रात्री मी वेअरहाउसमध्ये पाळीवर होतो. कँटीनमध्ये शेजारच्या लाइनवरच्या एकाने चहात दूध ओतता ओतता हसत विचारलं, ‘मग, कधी निघणार?’ हाच माणूस माझी मुलगी आजारी होती तेव्हा माझ्या वाटची पाळी करून गेला होता. मी इथे आलो तो पोर्तुगीज पासपोर्टवर, वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा म्हणून मिळालेल्या. लिस्बनशी माझा संबंध कागदापुरता. पुस्तकात इव्ही सांगते की सरकारने काळ्यांना आणि पाकिस्तान्यांना उचलून नेलं. नेणाऱ्यांनी पासपोर्ट बघितले असतील असं मला वाटत नाही. त्या लंडनमध्ये माझ्या रंगाचा माणूस उरलेलाच नाही, आणि शेजाऱ्यांचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. मूरने १९८१ साली, थॅचरबाईंच्या काळात हे लिहायला घेतलं. मी ते पाळीला जाताना बसमध्ये वाचलं आणि या देशाबद्दल मला जे थोडंफार कळतं ते त्यातूनच कळलं.

भाच्याला गर्दीचा भरवसा वाटतो, कारण फोंड्याची गर्दी त्याला नावाने हाक मारते. मलाही मारायची. आता घरी गेलो की पिशव्या खाली ठेवायच्या आत शेजारपाजारचे विचारतात, ‘परत कधी?’ वाईट मनाने नाही विचारत. तो दूध ओतणाराही वाईट मनाचा नव्हता.

म्हणून मला तो मोर्चा पचत नाही. मुखवटे उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांनी एकमेकांना काय विचारलं, ते भाच्याने मला सांगावं.