‘एएसआयओ टाका, बफर ३२ करा’ : व्हर्च्युअल पियानोवरच्या त्या सल्ल्यात खरं किती?

कीबोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडला, व्हर्च्युअल पियानो (पियानोचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर) उघडला, पट्टी दाबली आणि आवाज मागून रेंगाळत आला. ही तक्रार कुठेही केली की एक ठरलेला मजकूर हजर होतो. त्याचा मथितार्थ असा: विंडोजचा ऑडिओ संगीताच्या कामाचा नाही, म्हणून एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि साउंडकार्ड यांचं बोलणं घडवणारा प्रोग्राम) टाका, बफर ३२ वर आणा, सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला होणारे नमुने, ९६ किलोहर्ट्झ करा, लेटन्सी, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, शून्य होईल. एवढं करूनही उशीर किंवा चरचर राहिलीच, तर साउंडकार्ड टाकाऊ आहे असं समजा आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं वेगळं साउंडकार्ड, विकत घ्या.

हा मजकूर इतका फिरतो याला कारण आहे. पुष्कळांना त्यातल्या पहिल्याच पायरीला खरोखर गुण येतो. पण गुण का आला हे कळलं नाही, की पुढच्या पायऱ्यांवर माणूस घसरतो. मीही घसरलो होतो.

तर पहिला दावा, विंडोजचा ऑडिओ कामाचा नाही. आता ‘विंडोजचा ऑडिओ’ अशी एकच वस्तू नसते. पियानोच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओची सेटिंग उघडून ड्रायव्हरच्या प्रकाराची यादी खाली ओढून पाहा. एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी शेअर्ड, वासापी एक्सक्लुझिव्ह, एएसआयओ अशी पाचसहा नावं दिसतील. ही सॉफ्टवेअरपासून साउंडचिपपर्यंत आवाज पोचवणाऱ्या वाटांची नावं, आणि वासापी ही विंडोजची आजची वाट. यातले पहिले दोन जुने मार्ग. विंडोज व्हिस्टापासून पुढे ते वासापीच्याच डोक्यावर बसून चालतात, म्हणजे एक मजला जास्तीचा. बरीच सॉफ्टवेअरं पहिल्यांदा उघडली की नेमका यातलाच एखादा निवडून ठेवतात, कारण तो कुठल्याही मशीनवर हमखास चालतो. तिथून एएसआयओ-फोर-ऑलवर उडी मारली की फरक जादूसारखा वाटणारच. मात्र त्याच यादीतला वासापी एक्सक्लुझिव्ह निवडला असता, तरी बहुतेक तेवढाच फरक पडला असता, आणि तोही काही नवं न टाकता.

शेअर्ड प्रकारात सगळ्या प्रोग्रामचे आवाज विंडोज एकत्र मिसळतं आणि मग पुढे पाठवतं. विंडोज १० च्या आधी या वाटेवरचा बफर, म्हणजे एका खेपेला पुढे जाणारा आवाजाचा तुकडा, सुमारे १० मिलिसेकंदांचा ठरलेलाच असायचा. विंडोज १० पासून ड्रायव्हरला त्याहून लहान बफर देण्याची मुभा मिळाली. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हाय डेफिनिशन ऑडिओ ड्रायव्हर ४८ किलोहर्ट्झला १२८ ते ४८० सॅम्पलच्या दरम्यान बफर देतो, फक्त सॉफ्टवेअरने तो मागायला हवा. एक्सक्लुझिव्हमध्ये मिसळण्याची भानगडच नाही, आवाजाचं उपकरण थेट एका प्रोग्रामच्या ताब्यात जातं. तेव्हा ‘कामाचा नाही’ हे विधान एमएमईबद्दल केलंत तर मी मान हलवीन, वासापीबद्दल नाही. मॅकवर तर हा प्रश्नच उद्भवत नाही, तिथे कोअर ऑडिओ ही मॅकची स्वतःची व्यवस्था हे काम मुळातच करते. लिनक्सवाल्यांकडे याच कामासाठी जॅक आणि पाइपवायर आहेत.

दुसरं, एएसआयओ-फोर-ऑल हा ड्रायव्हर आहे. हा नावाने झालेला घोटाळा. एएसआयओ ही सॉफ्टवेअरने ऑडिओ उपकरणाशी थेट बोलण्याची, स्टाइनबर्ग कंपनीने १९९० च्या दशकात आणलेली पद्धत. ऑडिओ इंटरफेस बनवणारे आपापल्या उपकरणासाठी तिच्याबरहुकूम ड्रायव्हर लिहितात, आणि तुमच्याकडे असं उपकरण असेल तर डोळे झाकून त्याच्यासोबत आलेलाच ड्रायव्हर वापरा. एएसआयओ-फोर-ऑल मात्र कुठल्याच उपकरणाला जवळून ओळखत नाही. तो दुभाषा आहे. सॉफ्टवेअरशी एएसआयओत बोलतो आणि खाली तुमच्या साउंडचिपच्या नेहमीच्याच विंडोज ड्रायव्हरशी कर्नल स्ट्रीमिंग या विंडोजच्या आतल्या थेट वाटेने बोलतो. मधलं मिसळण्याचं ठिकाण तो टाळतो, हा त्याचा खरा फायदा. पण खालचा ड्रायव्हर अडखळणारा असेल तर दुभाषा चांगला असून उपयोग काय?

आणि एक, यावरून लोक हमखास घाबरतात. हा दुभाषा उपकरण स्वतःकडे धरून ठेवतो. मागे ब्राउझरमध्ये धड्याचा व्हिडिओ चालू असेल तर तो मुका होतो, किंवा उलट पियानोच मुका राहतो. काही बिघडलेलं नसतं. ज्याने आधी पकडलं त्याला आवाज मिळाला, इतकंच. व्हिडिओ बघत बघत सराव करायचा असेल तर वासापी शेअर्ड बरा, उशीर जरा जास्त धरून.

आता बफर ३२. सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय, म्हणून इथे थोडं थांबू.

बफर म्हणजे संगणक एका खेपेला जेवढे सॅम्पल तयार करून पुढे ढकलतो तो आकडा. खेप मोठी असेल तर वाट जास्त पाहावी लागते, लहान असेल तर कमी. हिशेब सोपा आहे, सॅम्पलना सॅम्पल रेटने भागायचं. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद. ५१२ चे साडेअकरा, २५६ चे ५.८, १२८ चे २.९, आणि ६४ चा जेमतेम दीड. हे आकडे ओळीने वाचले की एक गोष्ट दिसते. १०२४ वरून २५६ वर आलात तर सतरा मिलिसेकंद वाचले, आणि ते हाताला स्पष्ट कळतात. २५६ वरून ३२ वर गेलात तर वाचले पाच. त्या पाचांसाठी संगणकाला आठपट जास्त खेपा करायला लागतात, आणि प्रत्येक खेप पाऊण मिलिसेकंदात तयार हवी. एक खेप चुकली की तड् असा आवाज येतो.

पियानोला हे इतर वाद्यांपेक्षा जास्त नडतं, ते पेडलमुळे. पेडल दाबून ठेवलंत की आधी वाजलेले स्वर सुटत नाहीत, नवे त्यात येऊन पडतात. वरपासून खालपर्यंत एक लांब आर्पेजिओ (स्वरसमूहातले स्वर एकामागून एक वाजवणं) पेडलसकट वाजवला तर पाहता पाहता पन्नाससाठ स्वर एकदम जिवंत असतात. सॅम्पल्ड, म्हणजे खऱ्या पियानोच्या रेकॉर्डिंगवर चालणाऱ्या, पियानोत तुम्ही जवळचा, लांबचा आणि खोलीचा असे तीन माइक चालू ठेवले असतील तर त्याची तिप्पट. माझं नेमकं हेच झालं होतं. बफर ३२ वर सरगम एकदम स्वच्छ वाजत होती. मी खूश होऊन रेकॉर्डिंगला बसलो आणि तुकड्याच्या शेवटी, जिथे पेडल खाली आणि दोन्ही हात भरलेले, तिथे आवाज कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडला. दोष साउंडकार्डचा नव्हता. बफर १२८ केला, लांबचा माइक बंद केला, पॉलिफनीची (एकदम वाजू शकणाऱ्या स्वरांची) मर्यादा थोडी खाली आणली, तडतड गेली. तेव्हा चाचणी घ्यायची तर एकेका पट्टीवर घेऊ नका, आपल्याकडचा सगळ्यात भरगच्च तुकडा पेडल दाबून वाजवा. त्यात तुटला नाही असा सगळ्यात लहान बफर तो तुमचा. मग त्याच्यावरची पुढची पायरी निवडा, थोडी हवा राहू द्या.

चरचर येण्यात कधी कधी बफरचा संबंधच नसतो. सॅम्पल्ड पियानो स्वरांची फक्त सुरुवात मेमरीत ठेवतो आणि शेपूट डिस्कवरून ओढत राहतो. डिस्क हळू असेल तर आवाज तुटतो, मग ड्रायव्हर कुठलाही असो. तिथे प्रीलोड, म्हणजे मेमरीत ठेवलेला सुरुवातीचा भाग, वाढवायचं किंवा लायब्ररी, म्हणजे पियानोच्या रेकॉर्डिंगचा साठा, एसएसडीवर हलवायची. पियानोटेकसारखं सॉफ्टवेअर सॅम्पल न वापरता आवाज जागेवरच गणिताने घडवतं, त्यामुळे डिस्कचं ओझं नाही, सगळा भार प्रोसेसरवर.

सॅम्पल रेट ९६ करण्याबद्दल फार बोलायला नको. आकडा दुप्पट केला की त्याच बफरचा वेळ निम्मा होतो, हे खरं. पण ९६ किलोहर्ट्झला १२८ आणि ४८ ला ६४, दोन्हींचं उत्तर एकच, १.३३ मिलिसेकंद. खेप तेवढ्याच वेळात करायची आणि तीत माल दुप्पट. त्यात तुमच्या पियानोचे सॅम्पल ४४.१ किंवा ४८ चे असतील तर ते वर चढवण्याचं काम आणखी वेगळं. लायब्ररी ज्या रेटची असेल तोच ठेवा आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्येही तोच आहे ना ते पाहा.

उरला शून्य लेटन्सीचा दावा. शून्य हा आकडा कुठेच मिळत नाही, अगदी खऱ्या पियानोतही नाही. तिथे पट्टी खाली जाते, यंत्रणा हातोडा फेकते, हातोडा तारेला भिडतो आणि मग हवा हलते. हळुवार दाबलेल्या पट्टीत हा प्रवास जोरात मारलेलीपेक्षा बराच लांबतो, आणि वाजवणाऱ्याचा हात तो हिशेबात धरून शिकलेला असतो. जो उशीर स्थिर आहे तो हात पचवतो. कधी आठ मिलिसेकंद तर कधी वीस असं झालं तर मात्र लय मोडते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. स्पीकर अडीच मीटरवरून उचलून एक मीटरवर आणून ठेवलात तर ४.४ मिलिसेकंद वाचतात. बफर २५६ वरून ६४ वर आणल्यावर वाचतात तेवढेच. हेडफोन घातलात तर उरलेलेही गेले.

‘माझी राउंड ट्रिप वीस मिलिसेकंद दाखवते’ म्हणून काळजी करणारेही भेटतात. राउंड ट्रिप म्हणजे माइकमधून आत आणि स्पीकरमधून बाहेर. गाणाऱ्याला ती लागते. पियानो वाजवणाऱ्याचा आवाज आत जातच नाही, आत जातो तो मिडीचा संदेश, म्हणजे कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढी नोंद. १९८३ च्या जुन्या मिडी केबलवरही, सेकंदाला ३१,२५० बिटांच्या वेगाने, एक स्वर पोचायला साधारण एक मिलिसेकंद पुरतो. तुम्हाला फक्त बाहेर जाण्याचा आकडा बघायचाय.

मग उशीर नक्की कुठे आहे? ड्रायव्हरला हात लावण्याआधी तो मोजा. पद्धत फुकटची आहे. फोन कीबोर्ड आणि स्पीकरच्या मध्ये ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा, एक पट्टी तुटक आणि जोरात दहा वेळा मारा. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून मोठी करून पाहा. आधी पट्टी तळाला आपटल्याचा छोटा टोकदार उंचवटा दिसतो आणि त्याच्यामागे स्वराचा फुगवटा. या दोन्हींमधलं अंतर म्हणजे तुमचा उशीर. दोन्ही एकाच फाइलमध्ये असल्यामुळे फोनचा स्वतःचा उशीर आड येत नाही. पट्टी तळाला पोचायच्या किंचित आधीच संदेश सुटलेला असतो, त्यामुळे खरा आकडा जरासा जास्त धरा. वीस मिलिसेकंदांच्या आत असेल तर ड्रायव्हरचा विषय सोडून सरावाला बसा. चाळीसपन्नास असेल तर ड्रायव्हरच्या प्रकारांची वरची यादी उघडा. आणि दीडशेदोनशे असेल तर बफरला हात लावू नका, उशीर दुसरीकडे आहे.

तो दुसरीकडे म्हणजे बहुधा ब्लूटूथ. मी एक पूर्ण संध्याकाळ ड्रायव्हर काढण्याघालण्यात घालवली, तीनदा मशीन बंद-चालू केलं, आणि कानावर सगळा वेळ ब्लूटूथचा हेडफोन होता. नेहमीच्या ब्लूटूथ ऑडिओत आवाज दाबून पाठवणं आणि उलगडणं यातच शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि कुठल्याही ड्रायव्हरला त्याचं काही करता येत नाही. तारेचा हेडफोन लावला, प्रश्न मिटला. एचडीएमआयने टीव्हीवर आवाज काढणाऱ्यांचंही हेच होतं, टीव्ही आवाजावर स्वतःचे संस्कार करत बसतो. तिसरा चोर म्हणजे विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल सिंथ, म्हणजे मिडीवरून आवाज काढणारा प्रोग्राम. काही प्रोग्राम आपणहून त्यालाच मिडी पाठवतात. त्याचा उशीर स्वभावातच आहे, त्यावरून आपल्या साउंडकार्डची परीक्षा करू नये.

शेवटचा दावा, चरचर राहिली तर इंटरफेस घ्या. आधी लॅपटॉप चार्जरला लावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, साउंडच्या सेटिंगमधली ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. मग वायफाय बंद करून तोच भरगच्च तुकडा वाजवा. एखादा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवून धरत असेल तर ऑडिओची खेप चुकते, आणि नवा इंटरफेस आणला तरी ती तशीच चुकत राहील. लेटन्सीमॉन नावाचं छोटं साधन दहा मिनिटं चालू ठेवलं की कोण अडवतंय त्या फाइलचं नाव समोर येतं. लेटन्सीमॉनची यादी कोरी निघाली, वासापी एक्सक्लुझिव्ह आणि एएसआयओ-फोर-ऑल दोन्ही २५६ वरही तडतडतायत, तर साउंडचिपचा ड्रायव्हरच कच्चा आहे. अशा वेळी इंटरफेस घ्यावा, कारण त्याच्यासोबत त्याचा स्वतःचा ड्रायव्हर येतो. तो आल्यावर एएसआयओ-फोर-ऑल काढून टाका, नाहीतर सॉफ्टवेअर गुपचूप त्यालाच धरून राहतं आणि नवं खोकं टेबलावर नुसतं दिवा लावून बसतं.