नवऱ्याचं दिवाळं आणि बायकोची सही

गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘नवऱ्याने दिवाळखोरी जाहीर केली की दोघांच्या नावावरचं कर्ज रद्द होतं. फार तर बायकोला अर्धं भरावं लागतं. आणि गोव्यात पोर्तुगीज कायद्याने अर्धी मालमत्ता बायकोची असल्यामुळे तिला बँक हात लावू शकत नाही. तरीही भीती वाटत असेल तर घर-दुकान आधीच बायकोच्या नावावर करून टाका. नाहीतर भांडीकुंडी, मंगळसूत्र सगळं उचलून नेतील.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक बहिणीपर्यंत पोहोचवा’.

मेसेजमधली भीती खरी आहे, सल्ला मात्र घातक. डिचोली, सांखळी, सांगे भागात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकांचे हप्ते कसे थकले ते लोकांनी पाहिलंय. त्या कर्जांच्या कागदांवर किती घरांत बायकोचीही सही होती, हे ज्याचं त्याला ठाऊक. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘दिवाळखोरी जाहीर केली की...’

दिवाळखोरी कुणी घरी बसून जाहीर करत नाही. कर्ज फेडता येत नाही म्हणून कोर्टात अर्ज करावा लागतो, कोर्ट माणसाला नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवतं आणि त्याची मालमत्ता रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात जाते. २०१६च्या नव्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे खरा, पण तो आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झालाय, १ डिसेंबर २०१९पासून. बाकीच्यांसाठी इंग्रजांच्या काळचेच कायदे: मुंबई, कोलकाता, चेन्नईला १९०९चा, इतरत्र १९२०चा. हा दुसरा कायदा इतका जुना की कर्ज ५०० रुपये असलं तरी अर्जाला पुरतं. म्हणजे मेसेजमध्ये वाटतं तितकी ही सरळ सोय नाही.

‘दोघांच्या नावावरचं कर्ज रद्द होतं, फार तर अर्धं’

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. १९२०च्या कायद्याचं कलम ४४ स्पष्ट सांगतं की नादाराला मुक्तता (कर्जातून सुटका) मिळाली तरी त्याच्याबरोबर कर्जाला बांधलेला सहकर्जदार किंवा जामीनदार सुटत नाही. करार कायदा, १८७२चं कलम ४३ त्याहून जुनं: दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर सावकार दोघांपैकी कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. जामीनदाराचं तेच, कलम १२८प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच.

समजा, म्हापशातल्या एका जोडप्याचं ३० लाखांचं गृहकर्ज आहे, दोघेही सहकर्जदार. नवऱ्याचा धंदा बुडाला, तो नादार ठरला. बँक बायकोला १५ लाखांचं पत्र पाठवणार नाही, ती बाकी सगळी रक्कम मागेल. बायकोने भरली तर नवऱ्याच्या वाट्याची रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क कागदावर तिला आहे. पण जो माणूस नादार ठरलाय त्याच्याकडून काय वसूल होणार? ती इतर धनकोंच्या, म्हणजे त्याच्याकडून पैसे येणं असलेल्यांच्या, रांगेत उभी राहील, एवढंच. ‘मग घटस्फोट घेऊ’ म्हणणाऱ्यांसाठीही उत्तर बदलत नाही. फारकतीच्या कागदात हप्ते कुणी भरायचे ते लिहिता येतं, पण बँक त्या कागदाला बांधील नाही.

इथे इन्कम टॅक्सचा घोळ आडवा येतो. गोव्यात आयकर कायद्याप्रमाणे धंद्याचं, भाड्याचं उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं दाखवतात (पगार सोडून), आणि सीएने इतकी वर्षं तसं भरून दिल्यामुळे लोकांना वाटतं की कर्जही अर्धंच. ती विभागणी उत्पन्नाच्या कराची आहे. कर्जाच्या करारावर सही कुणाची, हा प्रश्न त्या रिटर्नमध्ये येतच नाही.

क्रेडिट कार्डाचं थोडं वेगळं. ॲड-ऑन कार्ड बायकोच्या पर्समध्ये असलं तरी बिलाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची. इथे मात्र बायको घाबरून उगाच पैसे भरते असं होऊ शकतं.

‘गोव्यात अर्धी मालमत्ता बायकोची, म्हणून सुरक्षित’

अर्धं सत्य पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त पटतं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते. लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेली, सगळी, काही अपवाद सोडून. या नियमात बायकोचं संरक्षण आहे हे मान्य. घर-जमीन विकायला, गहाण टाकायला दोघांच्या सह्या लागतात, एकट्या नवऱ्याला ते करता येत नाही. शिवाय नवऱ्याने बायकोच्या संमतीशिवाय काढलेल्या कर्जाला आधी त्याची स्वतःची मालमत्ता जबाबदार, ती नसेल तर समाईकातला त्याचा अर्धा वाटा. आणि तो वाटाही धनकोला लग्न संपल्यावर किंवा दोघं कायद्याने विभक्त झाल्यावर मिळायचा.

पण हेच कवच दोन ठिकाणी फुटतं. बायकोने संमती दिली असेल तर समाईक मालमत्ता पुरी जबाबदार, आणि ती अपुरी पडली तर दोघांची स्वतंत्र मालमत्ताही. दुसरं म्हणजे पैसा दोघांच्या संसारासाठी वापरला गेला असेल तर ‘मला विचारलं नव्हतं’ एवढं म्हणून चालत नाही. आता गोव्यातली कुठलीही बँक घर तारण घेताना दोघांच्या सह्या घेते हे लक्षात घ्या. म्हणजे जिथे रक्कम मोठी, तिथे बायकोचं ‘अर्धं सुरक्षित’ हे सहीच्या दिवशीच गेलेलं असतं.

‘अर्धं’ म्हणजे वरचा मजला असाही समज असतो. समाईक मालमत्तेत संसार चालू असेपर्यंत कुठली खोली, कुठली शेती कुणाची हे ठरलेलं नसतं. वाटा ठरतो तो वाटणीत.

‘आधीच बायकोच्या नावावर करून टाका’

हे करू नका. १९२०च्या कायद्याच्या कलम ५३प्रमाणे, योग्य मोबदल्याशिवाय केलेल्या हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज होऊन माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. धनकोंना बुडवायचा हेतू दिसला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ आहेच.

गोव्यात तर या युक्तीला अर्थच उरत नाही. मालमत्ता मुळात समाईक असेल तर नवऱ्याच्या नावावरून बायकोच्या नावावर केल्याने बदललं काय? कागदावरचं नाव. आणि ‘आता वेगळी-वेगळी पद्धत करून घेऊ’ म्हणाल तर लग्नाआधी ठरलेली मालमत्तेची पद्धत लग्नानंतर बदलता येत नाही. विवाह-पूर्व करार करायची वेळ निबंधकाकडे सही करण्याआधीची असते. बहुतेक जोडपी तेव्हा हॉल आणि केटरर ठरवण्यात गुंतलेली असतात.

‘भांडीकुंडी, मंगळसूत्र सगळं नेतील’

इथे मेसेजने भीती वाढवली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०प्रमाणे कर्जदाराचे, त्याच्या बायकोमुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिनेही नाहीत, म्हणजे मंगळसूत्र सुरक्षित. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारंही सुटतात. जे जप्तीतून सुटतं ते नादाराच्या रिसीव्हरकडेही जात नाही.

मात्र पाटल्या, हार, सोन्याची नाणी या यादीत नाहीत. ‘स्त्रीधन म्हणजे बायकोचंच’ हे गोव्याबाहेरच्या हिंदू कुटुंबांना जसं लागू पडतं तसं इथे सरळ लागू पडत नाही, कारण समाईक पद्धतीत सोनंही समाईक होऊ शकतं. अपवाद आहेत, उदाहरणार्थ लग्नाआधी वराने वधूला दिलेले दागिने. ते दिल्याचा पुरावा सांभाळून ठेवा.

जोडखात्याबद्दल मेसेज काही बोलत नाही, खरं तर तेच आधी अडतं. ‘दोघांपैकी एक किंवा मागे राहणारा’ हा शेरा खातं कोण चालवणार ते सांगतो, पैसा कुणाचा ते नाही. बायकोचा पगार त्याच खात्यात येत असेल तर तो आधी तिच्या एकटीच्या खात्यात वळवावा.

मेसेजमध्ये शेवटी ‘लंडनमध्ये असंच होतं’ असा दाखलाही आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेल्यांमुळे तो इथे पटकन खपतो. इंग्लंडमध्ये दिवाळखोराची साधारण १२ महिन्यांत मुक्तता होते, हे बरोबर. पण संयुक्त कर्जाची सगळी रक्कम तिथेही दुसऱ्या जोडीदाराकडे मागतात आणि जोडखातं गोठवलंही जाऊ शकतं.

घरात हप्ते थकू लागले असतील तर वकिलाकडे जाताना तीन कागद न्या: प्रत्येक कर्जाचं मंजुरीपत्र (बायकोचं नाव सहकर्जदार म्हणून आहे की जामीनदार म्हणून, ते त्यातच दिसतं), लग्नाच्या नोंदणीचा उतारा आणि विवाह-पूर्व करार झाला असेल तर तो. पहिला कागद घरी सापडत नसेल तर बँकेकडे लेखी अर्ज करून प्रत मागा.