शरणपूर रोडवर बसून अमेरिकेतला वर्णभेद कसा संपवावा

वर्णभेदाविरुद्ध लढायचं तर तो दूरचा निवडावा. अमेरिका उत्तम. व्हिसा लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष जाण्याची वेळ येत नाही.

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आपल्या चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव जरूर घ्या. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी पत्र लिहिलं, एवढं सांगितलं की पुरे. ते पत्र ‘जरा दमानं घ्या’ म्हणणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना होतं, हे कशाला उगाळायचं? पुढच्याच बाकावर कमिटी बसलेली असते. १९५९ साली केरळातल्या एका शाळेत किंग यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली गेली, आधी राग आला आणि मग पटलं, असं ते स्वतः सांगत. हा किस्सा तर गाळाच. १९३० चा काळाराम सत्याग्रह मात्र बिनधास्त सांगा. तिथलं दार बंद ठेवणारे आपण नव्हतो ना!

बायबलमधलं गलतीकरांस पत्र, अध्याय ३, वचन २८ तोंडपाठ हवं. यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) भेद नाही, दास-स्वतंत्र भेद नाही. ‘ख्रिस्ती होण्यापूर्वीचे कोण’ यावर हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने काही लिहिलेलं नाही, ही आपली सोय. मुलीला स्थळ आलं की चहा पुढे करत सहज विचारा, “मूळचे कुठले तुम्ही?” समोरचा गाव सांगेल. मान डोलवा. “हो हो, पण पूर्वीचे?” मग बिस्किट बुडवत थांबा, घाई नको. उत्तर पसंत पडलं नाही तर “प्रार्थना करून कळवतो” म्हणा. त्या प्रार्थनेचं उत्तर आजवर कधी चुकलेलं नाही.

कुणी आपल्या मंडळीचा इतिहास काढलाच, तर छाती फुगवा. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शरणपूरच्या मिशनने आसरा दिला, शिकवलं. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत तो आफ्रिकेतून इंग्लंडला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधीच्या मानकऱ्यांत चालला. आपल्या नाशिकचा पोरगा!

आणि उद्या एखादा आफ्रिकन विद्यार्थी वरची खोली भाड्याने विचारायला आला, तर “अरेरे, कालच गेली” म्हणा. फाटकावरची ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तेवढी चार दिवस उतरवून ठेवा. मराठीत असेल तर तेवढीही तसदी नको.